बातम्या आणि दुव्यांची स्वतःची साइट: मेलेले दुवे आणि बाकीचे प्रश्न

वाचनखूण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी एक छोटी साइट चालवते. वाचनात आलेली एखादी बातमी, तिच्याबद्दल माझ्या चार-पाच ओळी आणि सोबत तिच्याशी नातं असलेले दोन-तीन दुवे, एवढंच तिथे असतं. जाहिराती नाहीत. सकाळी तासभर वाचते, त्यातलं एखादं निवडते, लिहिते, टाकते. काही दिवस काहीच टाकत नाही.

धागा काढायचं कारण गेल्या आठवड्यातलं. एक जुनी नोंद शोधताना पहिल्या वर्षाच्या पानांवर गेले आणि तिथेच अडकले. एका दुव्यावर क्लिक केलं, तर पान सापडत नाही. दुसऱ्यावर केलं, तर बातमीऐवजी त्या वृत्तपत्राचं पहिलं पान उघडलं. तिसऱ्या पत्त्यावर भलत्याच कुणाचं दुकान थाटलेलं. माझ्या ओळी जशाच्या तशा होत्या, पण त्या ज्याच्याकडे बोट दाखवत होत्या तेच जागेवर नव्हतं. एके ठिकाणी मी लिहिलंय, "शेवटचे दोन परिच्छेद चुकवू नका." त्या लेखाचं एक अक्षरही आता तिथे उरलेलं नाही. खूप वाईट वाटलं.

हे सगळ्यांचंच होतं, कळतंय मला. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. बातम्यांच्या पानांपैकी २३ टक्के पानांवर निदान एक तरी मेलेला दुवा होता. त्या पाहणीवर मी तेव्हा नोंदही लिहिली होती. स्वतःच्या मागच्या पानांकडे वळून बघायचं मात्र राहून गेलं.

माझी नोंद कशी तयार होते ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न समजतील. एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की व्हॉयेजर-१ यानाकडून पुन्हा अर्थ लागेल अशी माहिती यायला लागली. नोव्हेंबर २०२३ पासून यान संदेश पाठवत होतं, पण त्यातून काही बोध होत नव्हता. बहुतेक मथळे "यान वाचलं" या थाटाचे होते आणि माझा पहिला मसुदाही तसाच होता. मग नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं मूळ निवेदन वाचलं. खरी गोष्ट तिथे होती. यानावरच्या एका संगणकातली स्मृतीची एक चिप निकामी झाली होती आणि त्या संगणकाच्या प्रोग्रॅमचा काही भाग नेमका तिच्यात होता. चिप बदलायला कोण जाणार? तो सगळा भाग एकत्र मावेल इतकी मोकळी जागा दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून त्याचे तुकडे केले, जिथे जिथे जागा होती तिथे एकेक ठेवला आणि ते एकमेकांना सापडतील अशी जुळणी केली. यान २४ अब्ज किलोमीटरांवर. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. १८ एप्रिलला आज्ञा गेली आणि जमलं की नाही हे २० तारखेला कळलं.

मी माझा मसुदा फेकून दिला आणि सगळी नोंद त्या अपुऱ्या जागेवर लिहिली. सोबत तीन दुवे दिले. एक ते निवेदन, दुसरं यान आत्ता किती दूर आहे ते दाखवणारं नासाचं पान, आणि तिसरं १९७७ मध्ये यानाबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवरचं. त्या तबकडीत केसरबाई केरकरांचा आवाज आहे. या तिसऱ्या दुव्याबद्दल मला अजून खात्री नाही. बातमीशी त्याचा संबंध आहे म्हणून दिला, की मला सांगायचं होतं म्हणून?

तर प्रश्न असे. मेलेल्या दुव्यांचं काय करता? बदलता, काढून टाकता, की तसेच ठेवता? एका नोंदीत किती दुवे पुरेत? मूळ लेखातलं किती उचलावं? आणि ज्याच्यामुळे ती बातमी आपल्याला कळली त्याचा उल्लेख कसा करता? अशी साइट चालवणाऱ्यांनी आणि नुसत्या वाचणाऱ्यांनीही लिहा.

कवडसा

मी नुसती वाचणारी. तिसरा दुवा अजिबात काढू नका! यान बोलू लागलं ही बातमी मला दहा ठिकाणी मिळाली असती. तिच्याशेजारी ती तबकडी ठेवावी हे तुम्हालाच सुचलं. अशा साइटवर मी येते ती त्या शेजारासाठी.

जुनं_दप्तर

धागा वाचून बरं वाटलं. अशा साइट आता मोजक्या दिसतात, आणि खरं तर वेबची सुरुवातच यांनी झाली.

१९९३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणक केंद्राने "नवीन काय" अशा अर्थाचं एक पान सुरू केलं. जगात कुठेही नवी साइट उघडली की तिथे एका ओळीची नोंद व्हायची. १९९६ पर्यंत ते चाललं. १९९७ च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर यांनी आपल्या रोबोट विझडम या साइटला "वेबलॉग" म्हटलं. लॉग म्हणजे जहाजावरच्या नोंदवहीसारखी नोंदवही: आज वेबवर फिरताना काय सापडलं ते. ब्लॉग म्हणजे स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिणं, हा अर्थ मागाहून आला. मुळात ब्लॉग म्हणजे दुव्यांची वहीच. जेसन कॉटके यांची साइट १९९८ पासून चालू आहे. त्याच वर्षी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी आर्ट्स अँड लेटर्स डेली काढली. तीन स्तंभ, आणि प्रत्येक दुव्याला दोन-तीन वाक्यं. डटन २०१० मध्ये गेले, साइट अजून चालू आहे.

त्या दोन-तीन वाक्यांबद्दल मला बोलायचंय, कारण मी स्वतः बारा वर्षं हेच काम करतोय आणि सगळा जीव त्यातच आहे. दुवा कुणीही देतं. शेजारची ओळ लिहायला मूळ लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो. मी एक नियम पाळतो: अर्धवट वाचलेल्याचा दुवा द्यायचा नाही. सुरुवातीला मी पाळत नव्हतो. मथळा आवडला, पहिले दोन परिच्छेद चांगले वाटले, दिला दुवा. एकदा वाचकाने विचारलं, "लेखकाने शेवटी जो निष्कर्ष काढलाय तो तुम्हाला पटतो का?" मला निष्कर्षच माहीत नव्हता. पुन्हा जाऊन वाचला, तर माझी ओळ त्या लेखाच्या बरोबर उलट होती.

दुसरं असं की वाचकाला ताटकळत ठेवणारी ओळ लिहू नये. "पुढे काय झालं ते वाचून थक्क व्हाल" या जातीची. ओळीतच सांगा काय झालं. व्हॉयेजरच्या नोंदीत तुम्ही जागा अपुरी होती हे सांगून टाकलंत, तेच योग्य. क्लिक न करता पुढे गेलेल्या वाचकाच्या हातीही काहीतरी लागलं पाहिजे. आणि गंमत बघा, ज्याला एवढं कळलं तोच क्लिक करून सविस्तर वाचायला जातो.

मेलेल्या दुव्यांबद्दल माझ्यापेक्षा तांत्रिक माणसं सांगतील.

तारयंत्र

तांत्रिक माणूस हजर आहे.

आधी रोग ओळखू. धागाकर्तीने तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. पान सापडत नाही म्हणून सर्व्हर सरळ ४०४ सांगतो, तो सगळ्यात प्रामाणिक. कायमचं काढून टाकलं असेल तर ४१० सांगायची सोय आहे, ती फार कमी जण वापरतात. दुसरा प्रकार, बातमीऐवजी पहिलं पान उघडणं, हा त्रासदायक आहे. कारण सर्व्हर म्हणतो २००, म्हणजे सगळं ठीक. दुवे तपासणारी बहुतेक साधनं हाच आकडा बघतात आणि दुवा जिवंत म्हणून पुढे जातात. तिसरा प्रकार, म्हणजे पत्ता दुसऱ्याने घेतलेला, तोही यंत्राला ठणठणीत दिसतो. म्हणून साधन जरूर चालवा, पण त्यावर विसंबू नका. वर्षातून एकदा तरी जुन्या नोंदी स्वतः उघडून बघाव्या लागतात. मी दर महिन्याला मागच्या एखाद्या वर्षातला तोच महिना घेतो, म्हणजे डोंगर होत नाही.

आता उपाय. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवतेय आणि २००१ पासून तिचं वेबॅक मशीन सगळ्यांसाठी खुलं आहे. तिथे पत्ता दिला की त्या क्षणीची प्रत जतन करता येते. हे नोंद टाकायच्या दिवशीच करा. पान गेल्यावर करून उपयोग नाही. नोंदीत मूळ दुवा पहिला ठेवा, कारण वाचक आणि श्रेय दोन्ही लेखकाकडे जायला हवेत. शेजारी लहान अक्षरात "जतन प्रत" म्हणून दुसरा द्या.

जे आधीच मेलेत त्यांच्यासाठी त्याच ठिकाणी शोधा. प्रत निवडताना आपल्या नोंदीच्या तारखेच्या जवळातली घ्या. बातम्यांची पानं मागाहून बदलतात. तुम्ही मंगळवारी वाचलेली बातमी आणि शुक्रवारची प्रत यांत मथळासुद्धा वेगळा असू शकतो. प्रत मिळाली नाही तर दुवा काढून टाका, पण ओळ काढू नका. "मूळ पान आता उपलब्ध नाही" एवढं लिहा आणि सोडून द्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची, तिला कसलंही साधन लागत नाही. नोंदीच्या मजकुरात लेखाचं पूर्ण नाव, लेखकाचं नाव, कुठे आला आणि कोणत्या तारखेला हे लिहा. "इथे वाचा" या दोन शब्दांना दुवा जोडला आणि पत्ता मेला, तर मागे काही उरत नाही. नाव आणि तारीख असली की दहा वर्षांनी कुणीही तो लेख नव्या पत्त्यावर शोधून काढू शकतो. पुष्कळदा लेख मेलेला नसतोच, साइटची रचना बदलली म्हणून त्याने घर बदललेलं असतं.

आणि आपलं स्वतःचं घर? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की पत्ते आपोआप बदलत नसतात, माणसं ते बदलतात. पत्त्यात विभागाचं नाव किंवा फाइलचा प्रकार घालू नका, कारण या दोन्ही गोष्टी हमखास बदलतात. साल आणि एक छोटा शब्द पुरतो. मराठी शब्द पत्त्यात घालणाऱ्यांनी लक्षात घ्या, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. पत्ता कॉपी करून चिकटवला की प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असं रूप होतं. म्हणजे एका चिन्हाची नऊ. काना-मात्राही वेगळी धरतात. पाच-सहा शब्दांचं मराठी शीर्षक पत्त्यात घातलं तर निरोपात अर्धं पान भरेल असं जंजाळ जातं आणि मध्ये तुटतं. मी शीर्षक मराठीत ठेवतो, पत्ता आकड्यांत.

साधा_प्रश्न

माफ करा, पण मला मुळातलाच प्रश्न आहे. एवढा खटाटोप कशासाठी? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दुवा टाकला की दोन मिनिटांत शंभर जण बघतात, चर्चाही होते. स्वतःची साइट, तिचा वार्षिक खर्च, मग जतन प्रती. वाचायला किती जण येतात?

वाचनखूण (धागाकर्ती)

@साधा_प्रश्न, किती जण येतात ते मी मोजत नाही. सुरुवातीला मोजायचे. मग लक्षात आलं की ज्या विषयाला आकडा मोठा, तिकडे माझा हात आपोआप वळायला लागलाय. तेव्हा मोजणं बंद केलं.

ग्रुपवर मीही दुवे टाकते. पण तिथे टाकलेलं परवा शोधायला जा, तीनशे शुभेच्छांखाली गेलेलं असतं. साइटवर माझी मागची नोंद पुढच्या नोंदीला भेटते. डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली तेव्हा मी एक नोंद लिहिली, ती मुख्यतः तिच्या घडी घातलेल्या सूर्यछत्रीबद्दल होती. पाच थर, टेनिसच्या मैदानाएवढे. जुलै २०२२ मध्ये पहिली छायाचित्रं आली तेव्हा दुसरी लिहिली आणि त्यात पहिलीचा दुवा दिला. मग त्याआधी मे महिन्यातच तिच्या आरशाला सूक्ष्म उल्का लागली होती असं वाचलं, ते दुसरीच्या खाली जोडलं. आज कुणी ती भर वाचायला आलं तर मागे मागे जात उड्डाणाच्या दिवसापर्यंत पोचतं. रोजच्या बातम्या एकेकट्या येतात आणि एकेकट्या विसरल्या जातात. त्यांना मागचं-पुढचं मिळावं म्हणून हा खटाटोप आहे.

@तारयंत्र, "इथे वाचा" ही चूक मी पहिल्या वर्षी सर्रास केली आहे. आता कळतंय काय गमावलं ते.

कवडसा

मी या साइट आरएसएसने वाचते. १९९९ पासूनची सोय आहे ही. आपण निवडलेल्या साइटवर नवीन काही आलं की आपल्या "वाचकात", म्हणजे ते सगळं एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, येऊन पडतं, कुणाच्या मर्जीने वर-खाली होत नाही. गूगल रीडर हा असाच एक वाचक २०१३ च्या १ जुलैला बंद झाल्यावर आरएसएसच संपलं असा पुष्कळांचा समज झाला. तसं नाही, दुसरे वाचक आहेत आणि चांगले आहेत.

साइटवाल्यांना विनंती: त्यात पूर्ण नोंद द्या, पहिल्या दोन ओळी देऊन तोडू नका. आणि दुव्याच्या शेपटाला चिकटलेली माग काढणारी अक्षरं काढून मग दुवा द्या. प्रश्नचिन्हानंतरचं सगळं पुसून बघायचं. पान तरीही उघडलं तर तेवढंच ठेवायचं.

मसुदा

मूळ लेखातलं किती उचलावं, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कायदा देशागणिक वेगळा आहे, तेव्हा हे मोघम समजा.

नुसता दुवा देण्याला सहसा अडचण येत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ च्या स्वेन्सन खटल्यात सांगितलं की सगळ्यांना खुल्या असलेल्या पानाचा दुवा द्यायला परवानगी लागत नाही. २०१९ च्या युरोपीय निर्देशाने वृत्तपत्रांना ऑनलाइन वापराबद्दल जादा हक्क दिले, पण त्यातूनही दुवा देणं, मोजके शब्द किंवा अगदी छोटा उतारा, आणि व्यक्तींचा बिगरव्यापारी वापर वगळला आहे.

खरी अडचण बाकीच्या गोष्टींत येते. छायाचित्र हे वेगळं काम आहे, त्याचा हक्क बहुधा वेगळ्याच माणसाकडे असतो. बातमीचा दुवा दिला म्हणून तिच्यातला फोटो आपल्याकडे आणता येत नाही. आणि भाषांतर! इंग्रजी लेखाचा अख्खा अनुवाद करून खाली "साभार" लिहायची आपल्याकडे सवय आहे. साभार म्हणजे परवानगी नव्हे. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो. लेखात काय आहे ते आपल्या शब्दांत थोडक्यात सांगणं वेगळं आणि वाक्यामागून वाक्य मराठीत आणणं वेगळं.

माझी स्वतःची कसोटी: माझी नोंद वाचून मूळ लेखाकडे जायची गरज संपत असेल तर मी जास्त उचललंय.

जुनं_दप्तर

@मसुदा, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वर मी म्हटलं की ओळीतच सांगून टाका, त्याला ही मर्यादा हवीच होती. काय झालं ते सांगावं, कसं झालं ते त्याच्याकडून ऐकू द्यावं.

उशिराचा_पाऊस

मला चुकीबद्दल लिहायचंय. मोठी चूक होती आणि ती अजून माझ्या साइटवर आहे.

जुलै २०२३ च्या अखेरीस एलके-९९ ची बातमी आली. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दोन निबंध अर्काइव्हवर (arXiv, संशोधक आपले निबंध जिथे टाकतात ती साइट; वरचं इंटरनेट आर्काइव्ह नव्हे) टाकले: सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाला विजेला शून्य रोध करणारा पदार्थ मिळाला. मी पदार्थविज्ञान शिकलेला माणूस. रात्री दीड वाजता वाचलं, झोप उडाली, तेव्हाच नोंद लिहिली. शीर्षकात "सापडला" हा शब्द होता. "दावा" हा शब्द अख्ख्या नोंदीत कुठेही नव्हता.

अर्काइव्हवर टाकलेला निबंध म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून तपासलेला नसतो, हे मला शाळकरी मुलासारखं पाठ आहे. तरी लिहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून बघितला. रोध एकदम घसरत होता तो त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, आणि शुद्ध नमुना तर वीज रोखणाराच निघाला.

नोंद पुसून टाकायचा मोह झाला. दोन दिवस ती काढूनही ठेवली होती. मग एका वाचकाची मेल आली की तुमचा दुवा मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठवला होता, आता उघडत नाही, काय झालं? तेव्हा शरम वाटली. चुकीचं मी पसरवलं आणि दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच मी बुजवून टाकली होती. नोंद परत आणली. शीर्षकातला "सापडला" खोडलेला दिसेल असा ठेवला, शेजारी "दावा" लिहिला, आणि खाली तारखा घालून एकेक भर: कुणी करून बघितलं, काय मिळालं. आता ती माझ्या साइटवरची सगळ्यात लांब नोंद आहे.

तेव्हापासून विज्ञानाच्या बातमीत पहिल्या ओळीत सांगतो की हा तपासलेला निबंध आहे, तपासायचा आहे, की नुसतं संस्थेचं प्रसिद्धिपत्रक आहे. आणि रात्री लिहिलेलं सकाळी वाचून मगच टाकतो. बातमी आठ तासांनी शिळी झाली तर ती माझ्या साइटसाठी नव्हतीच.

तारयंत्र

@उशिराचा_पाऊस, ही नोंद मी वाचली आहे. खालच्या तारखा वाचतच समजलं मला ते प्रकरण. कृपया कधी काढू नका.

हस्ते_परहस्ते

"कुणामुळे कळलं" याबद्दल. २०१२ मध्ये ब्रेन पिकिंग्ज ही साइट चालवणाऱ्या मरिया पोपोवा यांनी यासाठी दोन खास चिन्हं सुचवली होती. जसंच्या तसं घेतलं असेल तर एक, आणि नुसता धागा मिळून आपण पुढे शोधलं असेल तर दुसरं. चिन्हं रुळली नाहीत, पण फरक मला आवडतो. मी मराठीत "यांच्याकडून" आणि "यांच्यामुळे" असे दोन शब्द वापरते. आणि नाव घेताना दुवा त्यांच्या साइटच्या पहिल्या पानाला न देता नेमक्या नोंदीला देते. माझ्यासारखीच आणखी एक साइट त्यातून मला सापडली, तिने तिसऱ्या एकीचं नाव घेतलेलं. अशा आम्ही पाच जणी आता एकमेकींच्या नोंदी वाचतो. एकमेकींना कधी भेटलेलो नाही.

बंद_खिडकी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. माझी अशीच साइट होती, नऊ वर्षं. आता नाही.

साइटच्या नावाची (डोमेनची) मुदत संपल्याच्या सूचना मी वापरत नसलेल्या जुन्या मेलवर येत राहिल्या. ज्या कंपनीकडे जागा घेतली होती तिने खातं बंद केलं आणि काही महिन्यांत सगळं पुसलं. मी आजारी होतो, लक्ष नव्हतं. बरा होऊन बघतो तर माझ्या नावावर दुसरंच कुणीतरी. लोकांनी जिथे जिथे माझे दुवे दिले होते ते सगळे आता त्या परक्या पानावर जातात. वर धागाकर्तीने तिसरा प्रकार सांगितला ना, पत्ता दुसऱ्याने घेतलेला. तिकडून बघितलेला तो प्रकार मी आहे.

वेबॅक मशीनवर निम्म्याहून कमी नोंदी मिळाल्या. चित्रं नाहीत. त्या एकेक करून मी वहीत नाही, पण साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतल्या. वाचताना जाणवलं की दुव्यांपेक्षा माझ्या ओळींनीच मला जास्त आठवण करून दिली. २०१४ मध्ये धूमकेतूवर फिली हे छोटं यान उतरलं त्या रात्रीची नोंद सापडली. ते दोनदा उसळलं आणि कड्याच्या सावलीत जाऊन बसलं. मी शेवटी लिहिलं होतं, "बॅटरी संपेपर्यंत जागा आहे." म्हणजे मीही जागा होतो आणि तेही. हे मी पार विसरलो होतो.

चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो. सगळ्या नोंदी साध्या मजकुरात स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि आणखी एक प्रत घराबाहेर. नावाचं नूतनीकरण एकदम पुढच्या काही वर्षांचं करून टाका. आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा की हे कुठे आहे आणि कसं चालतं.

वाचनखूण (धागाकर्ती)

@बंद_खिडकी, तुमचा प्रतिसाद वाचून आधी उठले आणि सगळ्या साइटची प्रत काढली. मग उत्तर लिहायला बसले. त्या नोंदी पुन्हा कुठेतरी ठेवा. नवं नाव घ्यायचं नसेल तर माझ्या साइटवर जागा देते, तुमच्या टोपणनावाने, तुमच्या तारखांसह. मनापासून म्हणतेय.

बाकी हिशोब देते. पहिल्या वर्षातल्या जानेवारीपासून सुरुवात केली. "इथे वाचा" जिथे जिथे होतं तिथे लेखाचं नाव आणि तारीख घालतेय. काहींची नावं आता मलाच आठवत नाहीत, तिथे माझ्याच ओळींवरून शोधावं लागतंय. तो "शेवटचे दोन परिच्छेद चुकवू नका" वाला लेख सापडला. लेखिकेने तो स्वतःच्या साइटवर हलवला होता. शेवटचे दोन परिच्छेद आहेत, पुन्हा वाचले. नोंदीतला दुवा बदलला, खाली आजची तारीख टाकली आणि लेखिकेला मेल करून सांगितलं की जुन्या पत्त्यावरून येणारी एक वाट पुन्हा सुरू झाली आहे.

आता मार्चपर्यंत आले आहे.

बंद_खिडकी

फिलीची नोंद पाठवतो. आधी तेवढीच.